खाज सुटलीय, पांढरं जातंय: औषध कोणतं घ्यायचं?

मेडिकलच्या काउंटरवर चार माणसं उभी असली की "तिथे खाज येतेय" हे बाईच्या तोंडून निघत नाही. ती नुसतं "खाजेचं मलम द्या" म्हणते आणि तिच्या हातात गजकर्णाची ट्यूब पडते. माझ्याही पडली होती. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड होतं. दोन दिवस गार वाटलं, ट्यूब बंद केली तशी खाज आधीपेक्षा वाढली. शिवाय मलम लागत होतं बाहेर आणि बुरशी होती आत. असं कुणाचं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी ही बुरशीच आहे ना, ते पाहा

कॅन्डिडा नावाची बुरशी थोड्या प्रमाणात बऱ्याच निरोगी बायकांच्या योनीत असतेच. ती माजली की त्रास होतो. तेव्हा स्राव घट्ट, पांढरा, फाटलेल्या दह्याच्या गाठींसारखा असतो. खाज झोपू देत नाही, बाहेरची त्वचा लाल होऊन सुजते आणि लघवी करताना झोंबतं. वास मात्र फारसा येत नाही. पातळ, राखाडी स्रावाला मासळीसारखा वास येत असेल तर बहुधा जिवाणूंचा दोष असतो. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा असू शकतो. या दोन्हींवर बुरशीचं औषध चालत नाही, आणि ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं.

हा त्रास पहिल्यांदाच होत असेल, किंवा सोबत ताप, ओटीपोटात दुखणं, फोड, मधेच रक्त जाणं असं काही असेल, तर अंदाजाने औषध घेऊ नका. डॉक्टर कापसाच्या काडीवर स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, दोन मिनिटांचं काम असतं. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

मग ठरवा: आत ठेवायची गोळी की गिळायची

साध्या संसर्गात दोन्ही जवळपास सारखीच लागू पडतात. क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी 500 मिलिग्रॅमची असेल तर एकच रात्र, 200 ची तीन रात्री, 100 ची सहा रात्री. गिळायची असेल तर फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम, एकदाच. पाळी चालू असेल तर गिळायची गोळी सोयीची पडते. पण रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल, यकृताचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

दिवस गेले असतील तर फ्लुकोनॅझोल टाळायचं. तेव्हा आत ठेवायचं औषधच वापरतात, साधारण सात रात्री, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

गोळी रात्री झोपताना ठेवा. हात धुवा, पाठीवर पडून गुडघे दुमडा आणि बोट सहज जाईल तितकी गोळी आत सरकवा. पॅड लावून झोपा. सकाळी पॅडवर पांढरं, खडूच्या पाण्यासारखं दिसलं तर घाबरू नका, औषधाचाच उरलेला चोथा असतो तो. खाज कमी झाली म्हणून उरलेल्या रात्री बुडवू नका. या दिवसांत संबंध टाळलेले बरे, कारण या औषधाने निरोध कमकुवत होऊ शकतो.

लसणाची पाकळी, दही, जंतुनाशकाचं पाणी यांतलं काहीही आत घालू नका. सोललेल्या त्वचेवर त्याने जळजळच वाढते. सुवासिक वॉशही नको. बाहेरून साधं पाणी, सुती चड्डी आणि कोरडेपणा एवढं पुरतं.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

वर्षात तीन वेळा झालं तर तीच गोळी चौथ्यांदा आणू नका. आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्या ओल्या, गोड जागी बुरशीला आयतं खाद्य मिळतं. गोळी मनाने बंद करू नका, पण हा त्रास मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगाच. लाजेपायी किती जणी हे सांगत नाहीत!

मग स्रावाचं कल्चर करून घ्या, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ती कोणत्या जातीची आहे ते पाहतात. नेहमीची बुरशी निघाली तर फ्लुकोनॅझोलच्या तीन गोळ्या दर 72 तासांनी आणि पुढे सहा महिने आठवड्याला एक, असा उपचार असतो. ग्लाब्राटा ही कॅन्डिडाची दुसरी जात निघाली तर या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा डॉक्टर बोरिक अ‍ॅसिडच्या 600 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल 14 रात्री आत ठेवायला देतात. त्या पोटात गेल्या तर विष आहेत, म्हणून मुलांच्या हाताला लागू देऊ नका. गरोदरपणात तर त्या चालतच नाहीत.

आणि काउंटरवर बोलवत नसेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करा, तोंडाने काही सांगायची गरज नाही. फक्त औषध पिशवीत टाकण्याआधी डबीवरची बारीक अक्षरं वाचा: बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा क्लोबेटासॉल या स्टेरॉइडांतलं एकही नाव दिसलं आणि ते चिठ्ठीत नसेल, तर ती ट्यूब तिथेच परत द्या.