किनाऱ्यावरच्या पाखरांची नवीन ऊ सापडली तर तिचं रीतसर वर्णन कसं करायचं

टिलवे, तुतवार, चिखले, शेकाटे, या सगळ्यांच्या पिसांत उवा असतात. माणसाच्या डोक्यातली ऊ रक्त शोषते, या मात्र जबड्याने पिसं आणि कातडीचा कोंडा कुरतडून खातात, काही गटांतल्या रक्तही पितात. अंड्यापासून मरेपर्यंत सगळा संसार पाखराच्या अंगावर, त्यामुळे पाखराची जात हीच उवेची अर्धी ओळख. हे मी आधीच सांगतोय कारण पुढची सगळी मेहनत यावर उभी आहे: कुठल्या पाखरावरून आली ते खात्रीने माहीत नसेल तर तुमची ऊ कितीही वेगळी दिसो, तिचं वर्णन करायला घेऊ नका.

जिवंत पक्षी हाताळायचा तर परवाना लागतोच, आणि बहुतेक वेळा हे काम पाखरांच्या पायात नंबरची रिंग लावणाऱ्या टीमबरोबरच होतं. पक्ष्याच्या पिसांत पायरेथ्रम पावडर (शेवंतीसारख्या फुलांपासून केलेलं कीटकनाशक) हलक्या हाताने चोळायची, डोळे आणि चोच सांभाळून, काही मिनिटं थांबायचं आणि मग पांढऱ्या कागदावर पिसं उलटसुलट झटकायची. थोड्या वेळाने कागदावर दोनेक मिलिमीटरचे तपकिरी ठिपके दिसतात, नीट बघितलं की त्यातला एखादा हळूहळू पाय हलवत असतो. बारीक ओला ब्रश टेकवून उचलायचं आणि थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये.

प्रत्येक पक्ष्याला वेगळी पिशवी, वेगळा कागद, वेगळी कुपी. मी एकदा घाईत एकाच कापडी पिशवीत आधी टिलवा आणि मग तुतवार ठेवला होता, त्या दिवशीच्या दोन्ही कुप्या नंतर बाजूला काढाव्या लागल्या कारण कुठली ऊ कोणाची हे सांगायचं कसं? लेबल कुपीच्या आत टाकायचं, पेन्सिलने लिहिलेलं: पक्ष्याची जात, रिंग नंबर, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. लेबलाचं महत्त्व पटत नसेल तर हे वाचा. किनाऱ्यावरच्या पाखरांवर सर्रास सापडणारी क्वाड्रासेप्स ही उवांची प्रजाती (अनेक जातींचा गट) १९३९ साली उवांच्या अभ्यासक थेरेसा क्ले आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्टझहागन यांनी मांडली. पुढे याच माइनर्टझहागनच्या पक्षीसंग्रहात चोरलेले नमुने आणि खोटी लेबलं निघाली आणि अभ्यासकांना त्याची नोंद न नोंद तपासत बसावं लागलं.

अंगावर कुठे सापडली तेही लिहा. डोक्या-मानेवर चोच पोचत नाही, तिथे सेमुंडसोनियासारख्या जाड, गोल अंगाच्या उवा निवांत राहतात. पंखांवरच्या लुनासेप्स सडपातळ, पिसाच्या तंतूंमध्ये घुसून बसणाऱ्या. अ‍ॅक्टोर्निथोफिलसच्या काही जाती तर पिसाच्या पोकळ दांडीच्या आत राहतात, झटकून कधीच पडणार नाहीत. मेलेला पक्षी मिळाला असेल तर दांड्या चिरून बघाच.

आता लॅबमध्ये. डीएनए आधी, स्लाइड नंतर, हा क्रम चुकवू नका कारण स्लाइडसाठी लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड डीएनए संपवतं. उवेला बारीकशी चीर देऊन प्रोटिनेज के या प्रथिनं विरघळवणाऱ्या विकरात रात्रभर ठेवलं की आतला मऊ भाग विरघळतो आणि कवच अख्खं हातात राहतं, ते फेकायचं नाही, त्याचीच स्लाइड. बाकीच्या उवा हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात पारदर्शक करायच्या, पाण्याने धुवायच्या, अल्कोहोलची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची, मग लवंग तेल आणि शेवटी कॅनडा बाल्सम, म्हणजे नमुना काचेवर कायमचा चिकटवणारी पारदर्शक राळ. पाठ वर, पाय दोन्ही बाजूंना पसरलेले, कव्हरस्लिप एका कडेने हळू सोडायची म्हणजे बुडबुडा अडकत नाही. बाल्सम वाळायला कोमट ओव्हनमध्येही आठवडे लागतात, तेवढे द्या.

नर आणि मादी दोन्ही हवेत, पिल्लावस्थेवर नवीन जात उभी करू नये. सगळ्यात जास्त वेळ नराच्या जननेंद्रियांवर घालवा, पॅरामियर्सचा (दोन्ही बाजूंच्या फाट्यांचा) आकार आणि मेसोसोमची (मधल्या भागाची) ठेवण यातच जवळच्या जाती वेगळ्या पडतात. मग डोक्याच्या पुढच्या पट्ट्या, पोटाच्या प्रत्येक खंडावरचे केस मोजून, आणि मापं: डोक्याची लांबी, कानशिलापाशी रुंदी, एकूण लांबी. एकाच उवेवर विसंबू नका, जमतील तेवढ्या मोजा आणि किमान-कमाल दोन्ही द्या. चित्राची रीत अशी की डाव्या अर्ध्यात पाठ आणि उजव्या अर्ध्यात पोटाकडची बाजू, फोटो कितीही छान असला तरी रेखाचित्र हवंच.

तुलना करताना फक्त त्याच पाखरावरच्या जाती बघून भागत नाही, नातेवाईक पाखरांवरच्याही बघायच्या. स्थलांतरात हे पक्षी मिश्र थव्यांत खेटून बसतात आणि लुनासेप्सची एकच जात कितीतरी पाखरांवर सापडते, म्हणजे नवीन पाखरावर मिळाली म्हणून ऊ नवीन असं होत नाही. संग्रहालयातून मूळ टाइप नमुने, म्हणजे ज्यांवरून ती जात पहिल्यांदा मांडली ते, मागवा, जुनं वर्णन चार ओळींचं असेल तर टाइप बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

नाव देताना प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता पाळायची. जात नवीन आहे हे स्पष्ट लिहायचं, वेगळेपण शब्दांत द्यायचं, होलोटाइप, म्हणजे ज्याच्यावर ते नाव कायमचं टेकतं तो, म्हणून एकच नमुना ठरवायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही नमूद करायचं. पुरुषाच्या नावावरून केलं तर शेवटी आय (i), बाईच्या नावावरून ए-ई (ae). पाखराच्या नावावरून करण्याची जुनी सवय आहे, पण उद्या तीच ऊ आणखी पाच पाखरांवर निघाली तर नाव दिशाभूल करतं, त्यामुळे माझं मत विचाराल तर तिच्या अंगावरचीच एखादी खूण पकडा. लेख फक्त ऑनलाइन येणार असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार झूबँकमध्ये, म्हणजे प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी आधी हवी आणि ती झाल्याचं लेखातच दिसायला हवं, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही.

होलोटाइपच्या स्लाइडवर लाल लेबल लावा, पॅराटाइप (वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने) दोन-तीन वेगवेगळ्या संग्रहालयांना वाटून द्या, आणि उरलेल्या उवा त्याच कुपीत, त्याच पेन्सिलच्या लेबलासकट, अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवा.