पोराला 'खंबीर हो' म्हणण्याआधी मैदान बघून या

फोंडा काय, म्हापसा काय, डिचोली काय, कुठल्याही मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या पालकांना विचारा, प्रश्न एकच, आमच्या पोराला मेंटली स्ट्रॉंग कसं करायचं, प्रॅक्टिसला मस्त खेळतो आणि मॅचला हातपाय गळतात. मग कोणीतरी मोटिवेशनल व्हिडिओ फॉरवर्ड करतं, कोणी ध्यानाचा क्लास सुचवतं. मला वाटतं सुरुवातच चुकीच्या जागेवरून होते. बारा वर्षांच्या पोराचं डोकं दुरुस्त करायला घेण्याआधी ते रोज दोन तास कुठे आणि कोणासोबत असतं ते बघा ना, कारण बिघाड बऱ्याचदा तिथे असतो आणि तो आपण मोठ्यांनीच केलेला असतो.

२०२३ ला नॅशनल गेम्स गोव्यात झाले, त्या निमित्ताने मैदानं, हॉल, पूल यांच्याकडे लक्ष गेलं, चांगलंच झालं. पण मी म्हणतेय ते वातावरण वेगळं. चुकल्यावर काय ऐकायला मिळतं, कोणाला किती वेळ खेळवतात, दुखलं तर सांगायची सोय आहे का, टॉयलेटला जाता येतं का. एवढंच.

पहिलं काम, एक तास गप्प उभं राहायचं

मोबाईल खिशात, कोचला सल्ला नाही, पोराला हाक नाही. फक्त बघायचं. पास चुकला की पोर लगेच कोणाकडे बघतं? बॉलकडे बघत असेल तर ठीक, पण कोचकडे नाहीतर कठड्यावरच्या पप्पाकडे बघत असेल तर समजा तिथे भीती आहे. लंगडत असलेलं पोर कोच वळला की सरळ चालायला लागतं का? सगळ्यात कच्च्या तीन-चार पोरांना तासाभरात बॉल किती वेळा मिळाला, की ती प्लॅस्टिकचे कोन उचलायलाच आहेत? 'कितें करता रे तूं, दिसना तुका?' हे एकदा येणारच, मैदान आहे ते, देऊळ नव्हे, पण तेच तेच एकाच पोराला येतंय का ते बघा.

आणि टॉयलेट बघा, हसू नका. पंचायतीच्या मैदानावर मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं टॉयलेट नसेल तर मुली काय करतात माहितीय, दुपारपासून पाणीच पीत नाहीत. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात पाणी न पिता दीड तास पळायचं, वर पाळी असेल तर डाग पडेल याची धास्ती, आणि मग सर म्हणणार हिचं लक्ष नसतं. इथे कुठलंच काउन्सेलिंग लागत नाही, कडी, बल्ब, नळ आणि कचऱ्याचा डबा लागतो. पालकांनी दहा-पंधरा सह्यांचा अर्ज पंचायतीत दिला की हलतं काम, एकट्याने तोंडी सांगून हलत नाही.

कोचनी काय बदलायचं

राऊंड मारायची शिक्षा बंद करा, हे मी सगळ्यात आधी सांगते. धावणं हे ट्रेनिंग आहे, ती शिक्षा केली की पोराच्या डोक्यात धावणं आणि लाज एकत्र बसते. चूक झाली तर एकच गोष्ट सांगायची, जवळ बोलवून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी, आणि आधी विचारायचं, 'तुला काय दिसलं होतं तिथे?' बऱ्याचदा पोराने बरोबरच बघितलेलं असतं, फक्त पाय पोचलेला नसतो.

शरीरावरून नावं पाडणं पण बंद. जाड्या, काडी, काळ्या, हे सगळं प्रेमाने चालतं म्हणतात, पण ज्याला म्हणतात त्याला विचारा. आणि वजनाचा विषय तर कोचनी सगळ्यांसमोर काढूच नये, विशेषतः धावणं, जिम्नॅस्टिक, ज्युडो, कुस्ती अशा खेळांत. खाणं कमी आणि ट्रेनिंग जास्त झालं की हाडं, हार्मोन, झोप, मूड सगळंच ढासळतं, इंटरनॅशनल ऑलिम्पिक कमिटीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं, आणि ते मुलांनाही होतं, फक्त मुलींना नाही. मुलीची पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं झाली तरी सुरूच झाली नाही, तर सरळ डॉक्टर. 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणणारी ताई कितीही अनुभवी असली तरी तिचं ऐकू नका.

सिलेक्शनची यादी

सगळ्यात जास्त रडारड इथे होते आणि सगळ्यात सोपी सुधारणा पण इथेच आहे. यादी रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. ज्यांचं नाव नाही त्यांना आधी समोर बसवून सांगायचं, दोन मिनिटं पुरतात, का नाही घेतलं, काय सुधारायचं, पुढची ट्रायल कधी. 'बघू पुढच्या वर्षी' हे उत्तर नव्हे. मग ग्रुपवर.

आणि एक हिशोब बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वयोगटाची तारीख १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच अंडर-थर्टीनमध्ये बसतात, म्हणजे जवळजवळ वर्षाचा फरक, त्या वयात वर्षभरात उंची, ताकद किती बदलते बघा. जगभर हे दिसलंय की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं ज्युनियर टीममध्ये जास्त निवडली जातात, आणि वर्षाच्या शेवटचं पोर समजतं आपण खेळात कमीच, आणि सोडून देतं. तुमच्या क्लबच्या यादीत जन्ममहिने लिहून बघा एकदा, मग ट्रायलला कोचच्या हातातल्या कागदावर नावासमोर महिना पण लिहायला लावा.

छोट्यांसाठी तर मी म्हणते यादी, टेबल, मॅन ऑफ द मॅच काहीच नको. नॉर्वेत मुलांच्या खेळासाठी १९८७ पासून वेगळे नियम आहेत, तिथे मूल ११ वर्षांचं होईपर्यंत निकालाच्या याद्या आणि रँकिंग काढत नाहीत. यावर आपल्याकडचे काका लगेच म्हणणार, असं केलं तर चॅम्पियन कसे होणार. तर टोकियो ऑलिम्पिकला ४०० मीटर हर्डल्समध्ये ४५.९४ सेकंदाचा वर्ल्ड रेकॉर्ड नॉर्वेच्याच कार्स्टन वारहोल्मने केला. काकांना हे सांगून बघा, पटेलच असं नाही.

पालकांनो, स्कूटरवर गप्प बसा

मॅच झाल्यावर घरी जायचा रस्ता, पोरांना सगळ्यात नको वाटतो तो हा. म्हापशाच्या दुलेर मैदानावरून पेडण्याला जाईपर्यंत मागे बसलेल्या पोराला अख्ख्या मॅचचं पोस्टमॉर्टम ऐकावं लागतं, उतरून पळता पण येत नाही. तर नियम असा, मॅचबद्दल आपण विषय काढायचा नाही. 'भूक लागली का' हे चालेल. वाटेत भाजी-पाव खाऊ घाला, पोराला बोलायचं असेल तर ते बोलेल, आणि नसेल बोलायचं तर उद्या. जिंकल्यावर पण हाच नियम, नाहीतर पप्पा गप्प म्हणजे आपण वाईट खेळलो हे पोराला बरोबर कळतं.

कठड्यावरून टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण 'शूट कर', 'मागे जा' नको. कोच एक सांगतोय, पप्पा दुसरं, पोर मधल्यामध्ये. फेसबुकवर हरलेल्या मॅचचे फोटो टाकताना पण आधी पोराला विचारा.

सुट्टी ही पण ट्रेनिंगच

साधारण माप असं धरतात, आठवड्याला जितके तास ट्रेनिंग त्यापेक्षा पोराचं वय जास्त असावं, म्हणजे बारा वर्षांच्या पोराला आठवड्याला बारा तासांवर नको. आठवड्यात एक दिवस तरी पूर्ण सुट्टी, आणि वर्षात मिळून तीनेक महिने त्या खेळापासून लांब, सलग नसले तरी चालतील. पूर्वी हे आपल्याकडे पावसानेच करून दिलं होतं, जून आला की मैदानात चिखल, पोरं घरी. आता टर्फ आहे, इनडोअर आहे, बारा महिने बॅच चालू, फी पण बारा महिन्यांची. म्हणून सुट्टी आता ठरवून द्यावी लागते. चतुर्थीला पाच दिवस तर कॅम्प ठेवूच नका हो, पोराला गावच्या घरी गणपतीवरची माटोळी बांधायला जाऊ दे, जत्रेला जाऊ दे, तिथे त्याला कोणी गोल किती केले विचारत नाही.

दहावीवाल्यांचं अवघड आहे. सकाळी सहाला ट्यूशन, मग शाळा, चारला मैदान, रात्री परत पुस्तक, आणि या वयाला झोप आठ ते दहा तास लागते, ती येणार कुठून. शिवाय बोर्डाला स्पोर्ट्सचे मार्क असतात म्हणून दुखत असताना पण खेळणारी पोरं आहेत. कोच आणि शाळा यांनी एकदा बसून परीक्षेच्या दोन महिन्यांचं हलकं टाइमटेबल करायचं, हे पोरावर सोडायचं नाही, त्याला कोणालाच नाही म्हणता येत नाही.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियोला टीम फायनलमधून बाहेर पडली, हवेत असताना शरीर कुठे आहे याचं भानच जात होतं म्हणून. तेव्हा लोकांनी काय काय बोलून घेतलं. पॅरिसला २०२४ मध्ये परत आली आणि तीन गोल्ड घेऊन गेली. 'आज नको' म्हणायची मुभा होती म्हणून हे झालं. आपल्या तालुका लेव्हलच्या मॅचमध्ये चौदा वर्षांच्या मुलीला हे म्हणता येतं का? प्रॅक्टिसच्या सुरुवातीला कोचनी प्रत्येकाला बोटांनी दाखवायला सांगायचं, आज कसं वाटतंय, एक ते पाच. एक किंवा दोन दाखवणाऱ्याला सगळ्यांसमोर का विचारायचं नाही, फक्त त्या दिवशी हलकं घ्यायचं.

सेफ्टी, यात सूट नाही

कोच आणि एकटं मूल बंद खोलीत नाही, कोचच्या गाडीत एकटं नाही, रात्रीचे पर्सनल मेसेज नाहीत, जे काय ते पालक असलेल्या ग्रुपवर. बाहेरगावी टीम गेली की मुलांची खोली वेगळी, मोठ्यांची वेगळी, आणि मुलींसोबत बाई माणूस हवंच. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, १८ खालच्या मुलगा-मुलगी दोघांसाठी, आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असून कळवलं नाही तर तो पण गुन्हा आहे, 'क्लबचं नाव खराब होईल' म्हणून दाबायचा पर्याय कायद्यात नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन प्रत्येक मैदानावर मोठ्या अक्षरात लिहा, मुलांना दिसेल अशा उंचीवर.

आणि तरीही पोर खचलं असेल तर

मॅचच्या सकाळी दर वेळी पोटात दुखणं, झोप उडणं, जेवण टाळणं, आवडत्या मित्रांना पण टाळणं, सारखी चिडचिड, हे दोन आठवडे चाललं तर तज्ज्ञाकडे न्या. कोचनी स्वतः काउन्सेलर बनू नये. बांबोळीला आयपीएचबी आहे, सरकारी हॉस्पिटल, मानसिक आजारांसाठीच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत पण बोलता येतं. आणि पोर 'जगण्यात काय अर्थ' असलं काही बोललं तर सरळ विचारा, मरावंसं वाटतं का तुला. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

हे सगळं एकदम होणार नाही, तर सीझनच्या सुरुवातीला एवढं तरी करा. पोरांना कागदाचे तुकडे द्या, नाव लिहायचं नाही, तीन प्रश्न, इथे काय आवडतं, कशाची भीती वाटते, काय बदलावं. मग त्यातली एक तरी गोष्ट आठवड्यात बदलायची आणि पोरांना सांगायचं की तुमच्या चिठ्ठीमुळे बदलली, नाहीतर पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्यांवर 'सगळं ठीक आहे' येणार. आणि चिठ्ठ्या कोचनी गोळा करायच्या नाहीत, दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या, सरांना सगळ्यांचं अक्षर ओळखता येतं.