बाळाची कार सीट गाडीत नेमकी कुठे लावावी?

पुढच्या सीटवर नकोच. एअरबॅग उघडते ती प्रचंड वेगाने, आणि मागे तोंड करून बसवलेल्या बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

मागची मधली जागा दोन्ही दारांपासून दूर, म्हणून सर्वात सुरक्षित. पण सीट तिथे घट्ट बसली तरच. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत मध्ये उंचवटा असतो, जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो, आणि आयसोफिक्सचे हूक (कार सीट थेट अडकवण्यासाठी गाडीतच बसवलेले) बहुधा कडेच्या सीटनाच. अशा वेळी मागची डावी बाजू घ्या: बाळाला फुटपाथच्या बाजूने उतरवता येतं.

बसवताना गुडघ्याने सीट दाबा, पट्टा ओढून पूर्ण ताणा. मग पट्टा जिथून जातो तिथेच धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. सीट किती तिरकी हवी हे दाखवणारी तिच्यावरची खूणही पाहा. सीट फार उभी राहिली तर तान्ह्याची मान पुढे पडून श्वास अडतो.

खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याइतक्या उंचीवरून किंवा किंचित खालून यावेत. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो सैल आहे. जाड स्वेटर काढूनच पट्टे लावा, पांघरूण वरून घाला.

किमान १५ महिने, आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत, तोंड मागेच ठेवा.