रात्री साडेदहाची ट्यूशन

धरमपेठेत ताईची ट्यूशन आहे. सगळ्या बॅचेस हातानं टाकण्यापेक्षा गूगल कॅलेंडरच्या एपीआयनं, म्हणजे प्रोग्राममधून कॅलेंडर भरायच्या सोयीनं, टाकू म्हटलं. स्क्रिप्ट चालवली अन् तासाभरात एका काकूंचा फोन, "काहून रे, रात्री साडेदहाला शिकवणार का ताई?"

संध्याकाळचे पाच मी '१७:००:००झेड' असे पाठवले होते. शेवटचा झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ; आपण तिच्या साडेपाच तास पुढे. झेड काढून +०५:३० लावलं. दर आठवड्याच्या बॅचला टाइमझोनमध्ये 'एशिया/कोलकाता' द्यावंच लागतं, तेही दिलं.

मग घाईत स्क्रिप्ट पुन्हा चालवली, अन् प्रत्येक बॅच दोनदा! एपीआयची इन्सर्ट कमांड दर वेळी नवीनच इव्हेंट, म्हणजे नोंद, बनवते. आता प्रत्येक इव्हेंटची ओळख, म्हणजे आयडी, मीच देतो. तोच आयडी पुन्हा गेला की 'हा आधीच आहे' अशा अर्थाचा ४०९ एरर येतो, मग अपडेट करतो. आयडीत फक्त इंग्रजीतली ए ते व्ही ही लहान अक्षरं आणि आकडे चालतात. माझ्या आयडीत डॅश होता, त्यात अर्धा तास गेला.

पोळा अन् तान्हा पोळा मिळून दोन दिवस सुट्टी, दिसायची एकच. दिवसभराच्या इव्हेंटमध्ये शेवटची तारीख धरत नाहीत, म्हणून तिसऱ्या दिवसाची टाकली.

काकू अजून चिडवतात.