मधल्या सुट्टीत तुमचं पोर व्हरांड्यातच बसतंय का?

आमचा सिडकोत राहतो, व्हीलचेअरवर आहे, आणि शाळेत पीटीला त्याला सगळ्यांच्या बाटल्या सांभाळायला बसवायचे, म्हणे "पडला तर?" तर आधी भांडू नका, एकदा सुट्टीच्या वेळेला जाऊन स्वतः बघा नेमकं कुठे अडतंय ते. आमच्याकडे व्हरांड्याच्या दोन पायऱ्या आणि पुढे काळी माती, पावसाळ्यात पुढची छोटी चाकं रुततातच. मोबाईलवर फोटो काढा, पायरीची उंची टेपने मोजा, कारण रॅम्पला साधारण 1:12 उतार लागतो, म्हणजे 6 इंच पायरीला 6 फूट, उगाच फळी टाकून भागत नाही.

मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्याच (तोंडी बोलणं हवेत जातं). त्यात दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 16 लिहा, अनुदानित आणि सरकारी शाळांना खेळाची समान संधी द्यावी लागते. तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, त्यांना गाठा. मागणी छोटी ठेवा, आधी रॅम्प आणि झाडाखाली फरशीचा पट्टा, झोपाळा नंतर. नाहीच हललं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आणि पोराला विचारा हो, काय खेळायचंय. आमच्याला गोलकीपर व्हायचं होतं.