युरो कपचा इतिहास शिकायचा, तर आधी नकाशा उघडा

कोल्हापुरात पेठेतल्या पोराला फुटबॉलची गोडी लावावी लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या इथल्या फुटबॉल संघांचा सामना असला की वर्गात कोण कोण नसणार, हे मला हजेरी घेण्याआधीच ठाऊक असतं. मी हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवते. युरो कपच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या, वर्षी मुलं विजेत्यांची यादी पाठ करून येतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. नुसती यादी लक्षात राहावी असं तिच्यात काही नसतंच. कोणता देश का आला, का आला नाही आणि आज तो नकाशावर आहे का, हे विचारलं की तीच मुलं तास संपला तरी उठत नाहीत. वर्गात मी जसं घेते तसं इथं लिहिते आहे. घरात मुलांबरोबर किंवा एकट्यानंही करता येईल.

दोनशे पानी वही घ्या. युरोपचे दोन राजकीय नकाशे लागतील, एक १९९० च्या आधीचा आणि एक आजचा. जुना ॲटलस रद्दीच्या दुकानात मिळून जातो. वहीत प्रत्येक स्पर्धेला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर चार गोष्टी: स्पर्धा कुठं झाली, मुख्य स्पर्धेत किती संघ होते, कोण आलं नाही आणि का, बरोबरी झाल्यास निकाल कसा लावायचे. उजवं पान सामन्यांचं. विजेत्याचं नाव सगळ्यांत शेवटी लिहायचं, ही माझी सक्त अट आहे. ते आधी लिहिलं की मुलांना पान भरल्यासारखं वाटतं.

पहिलं पान १९६० चं नको, १९२७ चं करा. फ्रेंच फुटबॉल महासंघाचे सचिव आंरी दलोने यांनी युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा भरवावी असा प्रस्ताव त्या वर्षी मांडला. ती प्रत्यक्षात यायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. मधे विश्वचषक सुरू झाला, दुसरं महायुद्ध झालं, १९५४ मध्ये बाझेलला युएफा ही युरोपातल्या फुटबॉलची मुख्य संघटना स्थापन झाली आणि १९५५ मध्ये दलोने वारले. पुढचं काम त्यांचा मुलगा पिएर यानं हाती घेतलं. आजही विजेत्याला मिळणारा चषक दलोने यांच्याच नावाचा आहे.

आता १९६० चं पान. याला पूर्ण तास द्या, घाई करू नका. नावं नोंदवली फक्त १७ देशांनी. इंग्लंड, इटली, पश्चिम जर्मनी आलेच नाहीत. मायदेशी एक आणि परदेशी एक अशा सामन्यांतून चार संघ उरले आणि तेवढेच फ्रान्सला गेले. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनची गाठ सोव्हिएत संघाशी होती. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको यानं संघाला मॉस्कोला जाऊ दिलं नाही. सोव्हिएत संघाला न खेळताच पुढची चाल मिळाली. इथं हमखास कुणीतरी विचारतं, "बाई, फुटबॉल खेळायला जायला काय झालं होतं?" मग फळ्यावर स्पेनचं यादवी युद्ध काढायचं. १९३६ ते १९३९ या काळात सोव्हिएत संघानं फ्रँकोच्या विरोधकांना मदत केली होती. वीस वर्षांनी त्याचा हिशेब फुटबॉलच्या मैदानात निघाला. १९६४ मध्ये स्पर्धा स्पेनमध्येच झाली, अंतिम सामन्यात समोर पुन्हा सोव्हिएत संघ, आणि या वेळी फ्रँको स्वतः माद्रिदच्या स्टेडियममध्ये हजर. स्पेन २-१ नं जिंकलं. ही दोन पानं एका रेघेनं जोडून ठेवा.

१९६० च्या त्या चार देशांवर जुन्या नकाशात पेन्सिलीनं खुणा करा: फ्रान्स, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ. मग आजचा नकाशा शेजारी ठेवा. चारांतला एकटा फ्रान्स सापडतो. उपांत्य सामन्यात फ्रान्स ४-२ नं पुढं असताना युगोस्लाव्हियानं काही मिनिटांत तीन गोल मारून ५-४ नं सामना घेतला. पॅरिसच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत व्हिक्टर पोनेदेल्निकच्या हेडरनं सोव्हिएत संघ २-१ नं जिंकला. गोलरक्षक लेव्ह याशिनचं नाव मुलांना माहीत असतं. माझा आग्रह मात्र मिखाईल मेस्खी या विंगरसाठी, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणाऱ्या खेळाडूसाठी, असतो. तो तिबिलिसीचा, म्हणजे आजच्या जॉर्जियाचा. तिथल्या एका स्टेडियमला त्याचं नाव आहे. २०२४ मध्ये जॉर्जिया स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदा युरोत आला आणि त्यानं पोर्तुगालला २-० नं हरवलं, तेव्हा मी मुलांना १९६० चं पान पुन्हा उघडायला लावलं होतं.

यानंतर सरळ क्रमानं जाऊ नका. "बरोबरी झाली तर काय?" हा एकच प्रश्न धरून उड्या मारत चला. १९६८ च्या उपांत्य सामन्यात नेपल्सला इटली आणि सोव्हिएत संघ जादा वेळेनंतरही ०-० राहिले आणि निकाल नाणेफेकीवर लागला. कर्णधार फाकेत्तीचा कौल बरोबर आला, इटली अंतिम फेरीत. तिथं युगोस्लाव्हियाशी १-१ झाली म्हणून दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला आणि इटली २-० नं जिंकलं. १९७६ ला बेलग्रेडमध्ये पश्चिम जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया २-२ वर अडकले, तेव्हा प्रथमच अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टी शूटआऊटवर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीनं मारलेल्या पेनल्टींवर, ठरला. पश्चिम जर्मनीच्या उली होनेसनं चेंडू बारवरून मारला. मग चेकोस्लोव्हाकियाचा अँतोनिन पानेंका आला. जोरात धावत येऊन त्यानं चेंडू अलगद मधोमध उचलला आणि जर्मन गोलरक्षक सेप मायर तोवर डावीकडं झेपावला होता. ही पेनल्टी मुलांना दाखवाच, पण आधी होनेसची दाखवा. ती चुकली म्हणूनच पानेंकाचा गोल विजयाचा ठरला. त्या वर्षीच्या चारही सामन्यांना जादा वेळ लागला होता, हेही लिहा.

पुढं गोल्डन गोल आला. जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथंच खलास. १९९६ ला जर्मनीचा ऑलिव्हर बियरहॉफ आणि २००० ला फ्रान्सचा डेव्हिड ट्रेझेगे, दोघांच्या गोलनं अंतिम सामने संपले. २००४ ला सिल्व्हर गोलचा नियम होता. जादा वेळेचा पहिला भाग संपताना जो पुढं असेल तो जिंकला. त्याच नियमानं ग्रीसनं चेक प्रजासत्ताकाला बाहेर काढलं आणि पुढं यजमान पोर्तुगालला हरवून कप नेला. नंतर दोन्ही नियम गेले. कुठल्याही जुन्या सामन्यावर वाद घालण्याआधी डाव्या पानावरची ही नोंद बघायची सवय लावा.

संघांची संख्या थोडक्यात आटपा: १९८० पासून ८, १९९६ पासून १६, २०१६ पासून २४. देश फुटून वाढले, तशी स्पर्धाही वाढली. हे ध्यानात ठेवूनच विक्रमांची तुलना करा. फ्रान्सच्या मिशेल प्लातिनीनं १९८४ ला पाच सामन्यांत ९ गोल केले. एका स्पर्धेतला तो विक्रम आजही टिकून आहे, आता सामने वाढलेले असूनही.

१९९२ हे माझं सगळ्यांत आवडतं पान. युगोस्लाव्हिया पात्र ठरला होता. पण बाल्कनमध्ये युद्ध पेटलं, मे अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले आणि त्यांना स्पर्धेतून काढलं. पात्रता गटात एका गुणानं मागं राहिलेल्या डेन्मार्कला स्पर्धेच्या तोंडावर बोलावणं आलं. इंग्लंडशी बरोबरी, स्वीडनकडून हार, फ्रान्सवर विजय. उपांत्य सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध शूटआऊटमध्ये डेन्मार्कच्या गोलरक्षकानं, पीटर श्मायकेलनं, मार्को व्हॅन बास्टेनची पेनल्टी अडवली. अंतिम सामन्यात जर्मनी २-० नं हरली. दुसरा गोल किम व्हिलफोर्टचा. तो स्पर्धा चालू असताना आजारी मुलीला भेटायला घरी जाऊन आला होता. हा सामना पाहताना मुलांना एक काम द्या: डेन्मार्कचे खेळाडू चेंडू किती वेळा मागं श्मायकेलकडं देतात आणि तो हातात घेतो, ते मोजा. तेव्हा ते चालायचं. त्याच वर्षी नियम बदलला आणि सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं मागं दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईना.

जर्मनीची नोंद जपून करा. १९७२ आणि १९८० चे कप पश्चिम जर्मनीचे, १९९६ चा एकत्रित जर्मनीचा. युएफा तिन्ही एकाच खात्यात धरते. पूर्व जर्मनी युरोच्या मुख्य स्पर्धेत कधीच पोहोचला नाही. त्याचा शेवटचा सामना सप्टेंबर १९९० ला ब्रसेल्समध्ये बेल्जियमशी झाला. खरं तर तो १९९२ च्या युरोचा पात्रता सामना व्हायचा होता, पण देशच एकत्र होणार म्हणून मैत्रीपूर्ण ठरला. पूर्व जर्मनी २-० नं जिंकला, दोन्ही गोल मथियास झामरचे. हाच झामर १९९६ च्या युरोचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, एकत्रित जर्मनीच्या शर्टात.

२००८ आणि २०१२ स्पेनचे, तिथं फार थांबू नका. २०१६ च्या पानावर आइसलँडनं इंग्लंडला हरवलं ते लिहा, आणि गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवूनही पोर्तुगालनं कप कसा नेला तेही. २४ संघांमुळं तिसऱ्या क्रमांकाच्या संघालाही वाट मोकळी झाली होती. 'युरो २०२०' खेळली गेली २०२१ मध्ये, कोरोनामुळं एक वर्ष उशिरा आणि ११ शहरांत. पानावर दोन्ही वर्षं टाका, नाहीतर प्रश्नमंजूषेत हमखास वाद होतो.

तारखेचंही तसंच. मध्य युरोपचं उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. तिथला रात्री नऊचा सामना आपल्याकडं मध्यरात्री साडेबाराला सुरू होतो. २०२४ चा बर्लिनमधला अंतिम सामना तिथं १४ जुलैचा. आपण पाहिला तेव्हा १५ तारीख लागली होती. वहीत तिथलीच तारीख लिहायची. २०२८ ची स्पर्धा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आहे. तिथलं उन्हाळी घड्याळ साडेचार तास मागं, त्यामुळं त्या पानाच्या कोपऱ्यात आजच "+४:३०" लिहून ठेवा आणि "कोण आलं नाही" ही ओळ पात्रता फेरी संपेपर्यंत रिकामी राहू द्या.