ट्रायकोग्रामा प्रजातीच्या वर्गीकरणाची फेरतपासणी कशी करावी

उसावरील खोडकिडीसाठी लावल्या जाणाऱ्या ट्रायकोकार्डांमुळे (या कीटकाची वाढ होत असलेली पतंगांची अंडी चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांमुळे) ट्रायकोग्रामा हे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. तथापि पतंगांच्या अंड्यांत वाढणाऱ्या आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर भरणाऱ्या या परोपजीवी कीटकांच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे फार कठीण असते.

प्रथम जुनी नावे हाती घ्यावीत. कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुड यांनी १८३३ मध्ये ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्थापन केल्यापासून दिल्या गेलेल्या प्रत्येक नावाचे मूळ वर्णन वाचावे आणि ज्या नमुन्यावर ते नाव आधारलेले आहे तो शक्यतो स्वतः पाहावा. भारतात एकेकाळी ऑस्ट्रेलिकम आणि पुढे कन्फ्यूजम म्हटली गेलेली जात म्हणजे इशी यांनी १९४१ मध्ये वर्णिलेली चिलोनिसच होय, हे अशाच तपासणीतून स्पष्ट झाले. माझ्या मते नवी जात जाहीर करण्यापेक्षा एक जुने नाव पक्के करणे अधिक मोलाचे आहे.

रंगावर विसंबू नये, कारण थंडीत वाढलेले कीटक अधिक गडद होतात. बंगळूरला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियांची रचना ही खात्रीची खूण असल्याचे दाखवून दिले. सुकवलेला कीटक आक्रसतो. म्हणून नमुने अल्कोहोलमध्ये ठेवावेत, नंतर पोटॅशच्या द्रावणाने पारदर्शक करून कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत काचपट्टीवर बसवावेत आणि जननेंद्रियांची वरची बाजू वर राहील याची काळजी घ्यावी, अन्यथा प्रकाशित आकृत्यांशी तुलना करता येत नाही.

दोन समूह एकाच जातीचे आहेत का, अशी शंका असल्यास त्यांचा दोन्ही बाजूंनी, म्हणजे प्रत्येक समूहातील नराचा दुसऱ्यातील मादीशी, संकर करावा. यांच्यात फलन न झालेल्या अंड्यांतून सहसा नरच निपजतात, त्यामुळे संततीत माद्या दिसल्या तर फलन झाले असे समजावे. पुढे त्या माद्या प्रजननक्षम आहेत का, हेही पाहावे. वोल्बाकिया जिवाणूमुळे काही समूहांत केवळ माद्याच जन्मतात. तेथे ही कसोटी फसवी ठरते आणि नरही मिळत नाहीत, म्हणून डीएनएच्या आयटीएस-२ या जातीनुसार बदलणाऱ्या भागाचा आधार घ्यावा.

नवी जात ठरल्यास होलोटाइप (नावाचा आधार ठरणारा एकच नमुना) निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे ते लेखात नमूद करावे. भारतात सापडलेल्या नव्या जातीचा नमुना २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नियुक्त संग्रहालयात जमा करणे बंधनकारक आहे.